पेटीच्या अंगात आलेले अपडेट

पुसदला सकाळचा उजेड आधी डोंगराच्या कडेवर येतो आणि मग थांबत थांबत गावात उतरतो. युनूसभाईंच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानावर जी माडी आहे, तिथे तो पूर्वेच्या खिडकीतून शिरतो. आधी गजांवर बसतो. गज गंजलेले आहेत. त्या गंजाला तो तांब्याचा रंग देतो आणि काही वेळ त्या खोट्या तांब्यातच रमतो. मग फरशीवर येतो. फरशीवर आदल्या दिवशीच्या कामाचे अवशेष पडलेले असतात: डाग देताना गळालेले कथलाचे थेंब, तारेची सोललेली साले, कुठल्या तरी रेडिओचा हरवलेला स्क्रू. उजेड यातल्या प्रत्येकापाशी सारखाच थांबतो. भिंतीवर टेकवून ठेवलेल्या मोठ्या स्पीकरच्या काळ्या कापडावर तो चढू लागला की कापडाची वीण दिसू लागते, आणि त्या विणीत अडकलेली धूळ दिसू लागते, आणि मग हवेत तरंगणारी धूळही. ती रात्रीही तरंगतच असणार. पण उजेडाने धूळ आणली, असे कोणी म्हणत नाही. उजेड असलेले दाखवतो, एवढेच त्याचे काम. हे साधे वाक्य मला ज्या रविवारी सुचायला हवे होते, त्या रविवारी मी त्या धुळीकडे पाहत होतो आणि तिला मनातल्या मनात सोनेरी म्हणत होतो.

त्या रविवारी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग झाला होता. नादयोगी अतुलजी येणार होते आणि पेटीच्या अंगात अपडेट येणार होते.

पेटी म्हणजे म्युझिक स्ट्रीमर. दिसायला चपटी, काळी, पुढे एक छोटा पडदा आणि निळा दिवा असलेली. इंटरनेटवरून किंवा मेमरी कार्डावरून गाणे घ्यायचे आणि अॅम्प्लिफायरला द्यायचे, हे तिचे काम. कापड दुकानदार उकंडाभाऊंच्या मुलाने ती परदेशातून पाठवली होती. घरी ती ठेवली तर सून तिच्यावर भजनाऐवजी भलतेच लावते, म्हणून उकंडाभाऊंनी ती आमच्या रविवारच्या श्रवण मंडळाला देऊन टाकली. युनूसभाईंनी अॅम्प्लिफायर दिला, स्पीकर दिले आणि माडी दिली. या पेटीला कसे चालावे हे सांगणाऱ्या सूचना तिच्या पोटात साठवलेल्या असतात. त्यांना फर्मवेअर म्हणतात. या सूचना कंपनी अधूनमधून बदलते. आमच्या गावात हे कोणाला माहीत नव्हते, तोवर गाणी बरी वाजत होती.

अतुलजी मोठ्या शहरातून आले होते. फिकट कुडता, अनवाणी पाय, काखेत टॅबलेट. पेटीसाठी त्यांनी लोकरीचे छोटे आसन आणले होते. पेटी आसनावर बसली तेव्हा दोघातिघांनी नकळत हात जोडले.

"जुनं फर्मवेअर म्हणजे शिळं पाणी," अतुलजी डोळे मिटून म्हणाले. "स्वर त्यात पोहतो, पण गुदमरतो. तुम्ही आजवर जे ऐकत होता ते गाणं नव्हतं. गाण्यावर पडदा होता. आज तो उठेल. पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्यानं स्वराची दिशा ढळते."

पंखा बंद झाला. त्यांनी आधी एक ख्याल थोडा वाजवला. तो आम्हा सर्वांना एकाएकी गुदमरलेला वाटू लागला. मग टॅबलेटवर बोट टेकले. निळा दिवा लुकलुकू लागला, पेटीच्या पडद्यावरची रेघ हळूहळू भरू लागली.

"श्वास धरा!"

माडीभर माणसांनी श्वास धरला. रेघ सावकाश भरत होती. फकिरा, आमच्या गावच्या बँडचा क्लॅरिनेटवाला, ज्याच्या छातीचा सर्वांना अभिमान होता, तोही शेवटी जांभळा पडला. मग दिवा स्थिर झाला. अतुलजींनी पेटीला नमस्कार केला. आणि अॅम्प्लिफायरलाही, त्यावर उजवा पंजा ठेवून, माथा टेकवून, लीन होऊन. पुन्हा तोच ख्याल लावला.

"अरे बापा!" उकंडाभाऊ ओरडले. "तबलजीचा घाम दिसून राह्यला मले! इथं, या भोवयीवर!"

"तंबोऱ्याच्या खर्जाला अंग आलं," नंदाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि सहसा कशालाच चांगले म्हणत नसत.

"अन् मांगून कोनीतरी खोकललं," फकिरा म्हणाला. "पयले हे खोकलनं ऐकूच नव्हतं येत. मैफिलीतला मानूस हाय तो!"

खोकला युनूसभाईंचा होता. ते जिन्यात उभे होते.

मी मागे भिंतीला टेकून हे सर्व पाहत होतो आणि मला हसू येत होते. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. लोकांच्या भाबडेपणाविषयी लिहिलेली पुस्तके मी अनुक्रमाने लावलेली आहेत. पण माझ्या खिशात एक मेमरी कार्ड होते, आणि माझी पाळी यायची होती.

आमच्या बंजारा तांड्यात मुलगी सासरी निघाली की ढावलो गाते. गाते म्हणणे अपुरे आहे. ती रडते, आणि ते रडणे चालीत असते. ती एकेकीच्या गळ्यात पडते, आणि जिच्या गळ्यात पडते तिने त्याच चालीत उत्तर द्यायचे असते. माझ्या बहिणीच्या, संगीताताईच्या लग्नात शूटिंगवाल्याने हे टिपले. चित्र पुढे बिघडले. आवाज तेवढा या कार्डावर उरला. ताई काकीच्या गळ्यात पडते, काकी उत्तर देते. आत्याच्या गळ्यात पडते, आत्या उत्तर देते. मग ताई "याडी ये" अशी हाक घालते. याडी म्हणजे आई. ती आपली ओळ पुरी करते, आणि पुढे काही क्षण फक्त बांगड्या वाजतात, मंडपाचे कापड फडफडते. मग ताईचा हुंदका येतो. त्या दोहोंच्या मधल्या जागेत आईचे उत्तर असायला हवे. ते ऐकू येत नव्हते. माइक लांब असेल, असे शूटिंगवाला म्हणाला होता. मीही तेच म्हणत आलो. आई त्यानंतर फार जगली नाही. घशाच्याच दुखण्याने गेली. तिच्या आवाजाची दुसरी कुठलीही खूण आमच्या घरात नाही.

अपडेटच्या आधी, ख्यालाबरोबर, माझा ढावलोही एकदा वाजवून झाला होता आणि कार्ड मी परत खिशात ठेवले होते. आता अतुलजींनी तो पुन्हा लावला. ताई "याडी ये" म्हणाली. बांगड्या वाजल्या. आणि त्या जागेत, अगदी तळाशी, मला एक श्वास ऐकू आला, आणि श्वासानंतर स्वराची एक पुसट रेघ.

"आली," मी म्हणालो. मी सभेत कधी बोलत नाही. सगळ्यांनी वळून पाहिले.

अतुलजींनी माझ्याकडे फार मायेने पाहिले. "येणारच. आवाज कुठं जात नसतो, बाळा, दबतो. पुढच्या रविवारी पुढचं अपडेट उतरवू. तुझा ढावलो मी आपल्या साच्यात, म्हणजे आपल्या खास फाइलीत, बसवून देईन, त्या साच्यात आई पुढं येऊन गाईल. फक्त मूळ फाइलचं विसर्जन करावं लागेल. मूळ राहिलं तर पेटी त्याच्याकडे ओढली जाते. कॉपीही करायची नाही. कॉपीनं आवाज पातळ होतो."

माझे वडील देवीलाल, आमचे बा, माझ्या शेजारी बसले होते. ते क्वचित बोलतात, पण त्यांना शब्दांचा हिशेब लागतो. "म्हंजे कार्ड पुसून टाकाचं?"

"पुसायचं नाही. विसर्जन."

"विसर्जनात मूर्ती वापस येत नाही, महाराज."

"नवी येते ना, देवीलालजी. दर वर्षी." त्यांच्या साच्यातले गाणे वाजत राहण्यासाठी दर वर्षी वर्गणी भरून नवे अपडेट घ्यावे लागते, हे त्यांनी पुढे सांगितले, पण तोवर लोक त्यांच्या पाया पडू लागले होते.

घरी जाताना पूस नदीच्या पुलावर बा थांबले. "तुले काय ऐकू आलं?"

"याडी."

"काय म्हने?"

मी त्या पुसट रेघेत शब्द शोधू लागलो. बांनी कठड्यावर हात ठेवला आणि खाली पाहिले. नदीत पाणी थोडे होते. "बरं," ते म्हणाले.

युनूसभाईंची मुलगी फरहानाआपा कानाच्या दवाखान्यात श्रवणतपासणीचे काम करते. कोणाला किती ऐकू येते, ते ती मोजते. त्या रविवारी ती दारातून सगळे पाहून गेली होती. आठवड्यात एका दुपारी तिने मला दवाखान्यात बोलावले, जाड दाराच्या छोट्या खोलीत बसवले, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटन दिले.

"आवाज आला का दाबाचं. बारीक आला तरी दाबाचं."

मी दाबत राहिलो. आवाज बारीक बारीक होत गेले, कापसाच्या तंतूसारखे. मी डोळे मिटून एकेक वेचत होतो. शेवटी तिने दार उघडले.

"कान चांगले हायत तुये. पण शेवटी शेवटी तू दाबून राह्यलता ना, तवा मी काहीच वाजवत नव्हती."

"मला ऐकू आलं."

"आलंच असन. तू खोटं नाही बोलत." ती हेडफोनची तार गुंडाळू लागली. "म्हनून तं आमी मधातच चूप बसतो. मानूस वाट पाहून राह्यला का त्याचा कान सोताच वाजवते. आमच्याकडे सगळेच दाबतात. डॉक्टर लोक तं जास्त."

मी खिशातल्या कार्डावर हात ठेवला.

"ते कार्ड दे मले. कॉपी करून ठेवते."

"कॉपीनं आवाज पातळ होतो."

फरहानाआपाने गुंडाळलेली तार खाली ठेवली. "ओम, तुया बारावीचा निकाल तू मोबाइलवर किती जनायले पाठवला होता?"

"पुष्कळांना."

"मंग शेवटच्याले पोचेपर्यंत मार्क कमी झालते का?"

मला हसू आले, पण मी खिशातल्या कार्डावरचा हात काढला नाही. एका अपडेटने श्वास आला होता. दुसऱ्याने शब्द येणार होते. हे गणित मला तेव्हा निर्दोष वाटत होते.

"ठीक हाय," ती म्हणाली. "रविवारपर्यंत तरी कोनाले देऊ नोको."

पुढच्या रविवारी गर्दी आणखी वाढली. मुकुटबनहून दोघे जण आपापले जुने टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. त्यांच्याही अंगात काही येते का, हे त्यांना पाहायचे होते. अतुलजींनी माझ्या कार्डासाठी मखमली पिशवी आणली होती. मी कार्ड हाताच्या मुठीत धरून पुढच्या रांगेत बसलो होतो.

तेवढ्यात फरहानाआपा जिन्यावरून आली. तिच्या खांद्यावर मोठमोठ्या फुलांची चादर होती.

"अतुलजी, तुमी म्हनता पडदा उठते. आज आमी आधी पडदा टाकतो, मंग उठवू. पेटी चादरीमांगं राहीन. अपडेट मी उतरवते, तुमी फक्त श्वास धरवा. लोकायनं कानानं सांगाचं, डोळ्यानं नाही."

"साधना ही परीक्षा नसते, बेटी."

"काहून नसते?" हे नंदाबाई होत्या. "मी पोरींची स्वरपरीक्षा पाठमोरं बसवूनच घेत होते. जिला सा ओळखता येतो तिला पाठीचं भय वाटत नाही. मला तं खर्ज ऐकू आला होता. मी पुन्हा ओळखीन."

"मी घाम ओळखीन!" उकंडाभाऊ म्हणाले.

भक्तांनीच असा आग्रह धरल्यावर अतुलजींना टॅबलेट द्यावा लागला. चादर टांगली गेली. तिच्या आड फरहानाआपा आणि युनूसभाई गेले. आधी ख्याल वाजला. मग आतून आवाज आला, "अपडेट लावलं. मोठं हाय."

अतुलजींनी श्वास धरवला. पंखा बंद होता. उजेड फरशीवरून सरकत चादरीच्या फुलांपर्यंत पोहोचला होता. काही वेळाने आतून "झालं" आले, आणि तोच ख्याल पुन्हा सुरू झाला.

यावेळचा चमत्कार मागच्यापेक्षा मोठा होता. फकिराला गायकाच्या मागे बसलेल्यांच्या रांगा दिसल्या. मुकुटबनच्या एकाला अत्तराचा वास आला. नंदाबाई म्हणाल्या, खर्ज मागच्या वेळेपेक्षाही गोल आहे. उकंडाभाऊंनी डोळे पुसले. आणि अतुलजी मंद हसत म्हणाले, "पाहिलंत? आता स्वर आणि आपण यांच्यामध्ये काहीही उरलेलं नाही."

फरहानाआपाने चादर ओढली.

टॅबलेट युनूसभाईंच्या मांडीवर बंद पडून होता. इंटरनेटची निळी तार पेटीतून उपसलेली होती आणि तिचे टोक फरहानाआपाच्या हातात होते.

"काहीच नाही उतरवलं," ती म्हणाली. "अब्बा अन् मी बसलो होतो. अब्बाले शिंक आलती, तेवढी दाबली."

माडीवर जी शांतता पसरली तिच्यात दूरच्या बाजारातला भाजीवाला स्वच्छ ऐकू येत होता. फर्मवेअर मात्र मागच्या रविवारचेच होते.

"मागच्या अपडेटची ऊर्जा शिल्लक असते," अतुलजी म्हणाले.

"असू द्या. मंग आता जरा मागच्यावानी नमस्कार करा." तिने अॅम्प्लिफायरकडे बोट दाखवले. "करा ना. अब्बा लग्नाच्या हॉलमधी साउंड लावतात, तवा आवाजाच्या बटनावर खून करतात, कोनी हलवलं तं समजावं म्हनून. माहीच नेलपॉलिश हाय ती. लहानपनापासून माह्या शिश्या याच्यातच संपल्या. ही लाल टिकली रेघेसमोर पायजे. मागच्या रविवारी सभा सुरू झाली तवा ती रेघेसमोर होती. तुमी माथा टेकवून उठले तवा ती सरकली होती. जराशीच."

सर्वांनी टिकलीकडे पाहिले. मग अतुलजींच्या उजव्या पंजाकडे.

"आवाज पुष्कळ वाढवला तं लोक म्हनतीन आवाज वाढवला. जरासा वाढवला तं म्हनतात गोड झाला, खोल झाला, जवळ आला. कान तसाच हाय मानसाचा. त्याच्यात लाजाचं काही नाही. ज्यानं टिकली सरकवली त्यानं लाजाचं."

"पण आता तं टिकली सरकली नव्हती!" फकिरा म्हणाला. "मंग आता मले रांगा काहून दिसल्या?"

"कारन आता तुले सांगलं होतं का काहीतरी मोठं येऊन राह्यलं."

"अन् माह्या तबलजीचा घाम?" उकंडाभाऊंनी विचारले.

"तो तुमचाच होता, भाऊ," युनूसभाई शांतपणे म्हणाले. "पंखा बंद था."

नंदाबाई एकदम मोठ्याने हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. मग त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "मीही पाठमोरी नापास झाले."

अतुलजींकडे अजून एक वाक्य होते. "यंत्राला जे पकडता येत नाही ते हृदयाला कळतं. मागच्या रविवारी या मुलानं आई ऐकली. ती काय टिकलीनं आणली?"

लोकांनी माझ्याकडे पाहिले. मुठीतले कार्ड ओले झाले होते.

"तेही ऐकू," फरहानाआपा म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता. "मागच्या रविवारी पेटीतून जे निघत होतं ते अब्बांनी दर रविवारसारखं मांगच्या तारेतून लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं. ढावलो अपडेटच्या आधी वाजला तोही, अन् नंतर वाजला तोही. दोन्ही तंतोतंत एका जाग्यावर ठेवून एकातून दुसरा वजा केला. अपडेटनं जे काही आनलं असन, ते तेवढंच उरन. आता ते उरलेलं लावते. आवाज पुरा खोलते."

तिने टिकली शेवटपर्यंत फिरवली. सगळ्यांनी कान दिले. श्वास धरायला कोणी सांगितले नव्हते, तरी धरला गेला.

काहीच नव्हते. काकी नव्हती, आत्या नव्हती, ताई नव्हती. पेटीने आधी दिले तेच नंतर दिले होते, म्हणून वजाबाकीत सगळे गेले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर एक आडवी रेघ सरकत होती आणि तिच्याखाली वेळ चालली होती. ढावलो मला पाठ आहे. ती शांतता मी ताईच्या चालीवर मोजत होतो. इथे काकीचे उत्तर. इथे आत्याचे. इथे "याडी ये". इथे बांगड्या.

आणि तिथे, त्या सपाट रेघेवर, मला श्वास ऐकू आला. मागच्या रविवारपेक्षा स्पष्ट. त्यामागून स्वराची ती पुसट रेघही. माझा अंगठा मुठीतल्या कार्डावर दाबला गेला, बटन दाबावे तसा.

फरहानाआपाने माझ्या अंगठ्याकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

"मले काहीतरी घरघर ऐकू येऊन राह्यली," उकंडाभाऊ कुजबुजले.

"ते तुमचं पोट हाय," फकिरा म्हणाला.

बा उठले. त्यांनी माझी मूठ उघडली, कार्ड घेतले आणि फरहानाआपासमोर धरले. "बेटी, याच्या कॉप्या करून दे. एक पोरीच्या घरी ठेवतो, एक माह्या पेटीत. लोखंडाच्या."

अतुलजी आसन गुंडाळून निघाले. जाताना म्हणाले की या गावातली वीजच अशुद्ध आहे. वीज शुद्ध करणारी एक वायर त्यांच्याकडे असते, पण ती सगळ्यांनाच मानवत नाही. मखमली पिशवी ते विसरून गेले. युनूसभाई तिच्यात आता स्क्रू ठेवतात.

ही हकीकत मी लिहून ठेवत आहे, कारण अतुलजी आता दुसऱ्या गावी असतील आणि तिथेही पेट्या आहेत. वाचकांना सांगायचे ते साधे आहे. अपडेट जरूर घ्यावे. फरहानाआपाने आम्हाला कंपनीचे त्या अपडेटबद्दलचे निवेदन वाचून दाखवले: मराठी गाण्यांची नावे आता नीट दिसतील, इंटरनेट तुटल्यावर पेटी अडकून बसणार नाही. या गोष्टी कामाच्या आहेत आणि खऱ्या आहेत. एखादे अपडेट आवाजाची पातळी किंवा घडण खरोखर बदलूही शकते. पण तसा बदल मोजता येतो, आणि चादरीआडूनही ओळखता येतो. जो बदल चादर टांगली की नाहीसा होतो, किंवा काहीच न करताही होतो, तो पेटीत झालेला नसतो. आपले कान प्रामाणिक आहेत, पण ते वाट पाहतात. म्हणून त्यांना अधूनमधून पडद्याआड तपासावे, आणि जो माणूस तपासू देत नाही, त्याच्या हाती आपली एकुलती एक वस्तू देऊ नये. मूळ प्रत पुसायला सांगणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे.

माडी रिकामी झाल्यावर मी खिडकीपाशी थांबलो होतो. उजेड गजांवरून निघून गेला होता आणि गज पुन्हा गंजाच्या रंगाचे झाले होते. बा जिन्यात चपला शोधत होते. खालूनच म्हणाले, "लग्नात तू तिच्या बाजूलेच उभा होता, ओम."

होय. मी बाजूलाच उभा होतो. ताई तिच्या गळ्यात पडली तेव्हा आईचे ओठ हलले, आणि तिने दोन्ही हातांनी ताईचे डोके धरले. माइक जवळच होता. काकी आणि आत्या त्याच जागेवरून गायल्या होत्या. आईचा आवाज लग्नाच्या आधीच गेलेला होता. ढावलोला तिने उत्तर दिले नाही.